चूक यायलाच हवी

मुलांनो, जरा माझ्याबरोबर एका दारापाशी चला. डोळे मिटून आलात तरी चालेल, फक्त जिन्यावर जपून. समजा, हे दार कुलूप लावून बंद असायला हवं, आणि ते तसं आहे की नाही हे पाहायला मी तुम्हाला पाठवलं आहे. तुम्ही दार ढकलता. ते उघडत नाही. तुम्ही धावत येऊन सांगता, "आजोबा, कुलूप आहे!" मी तुमची पाठ थोपटतो आणि आपण निर्धास्त होतो. आता सांगा, खरंच कुलूप होतं का? की ओलीने लाकूड फुगून दार नुसतंच चौकटीत अडकलं होतं, आणि एखादा दणकट माणूस खांदा लावून सहज आत शिरला असता?

विचार करा. घाईने हात वर करू नका. माझा सारा जन्म शाळेत शिकवण्यात गेला आहे आणि घाईने वर झालेला हात मी पाठमोरा असतानाही ओळखतो. तरीही या गोष्टीत सगळ्यांच्या आधी ज्याने हात वर केला तो मीच, हे सांगून टाकलेलं बरं. पुढे तुम्हाला ते कळणारच आहे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली आहे. तिच्यात टेबल टेनिसचं एक टेबल आहे, आणि इमारतीतल्या सगळ्या मुलांचा जीव त्या टेबलात अडकलेला आहे. मुलं पुष्कळ, टेबल एक, तेव्हा भांडणं व्हायचीच. "आमची पाळी!" "कशावरून तुमची?" "कालपासून आमची!" अशा गर्जना वरच्या मजल्यांपर्यंत ऐकू येत. एकदा दोन टोळ्यांनी एकच बॅट दोन्ही बाजूंनी ओढली. ती सुटली आणि नेमक्या त्याच वेळी खोलीत डोकावणाऱ्या सेक्रेटरींच्या चष्म्याला चाटून गेली. चष्मा वाचला, खोली वाचायची लक्षणं दिसेनात. सेक्रेटरी हा गृहस्थ मनाने वाईट नाही, पण नियमाने वागणारा आहे, आणि नियम तोच करत असल्यामुळे वागायला त्याला जड जात नाही. दुसऱ्याच दिवशी सूचना लागली, की खेळाची खोली बंद होणार आणि तिच्यात इमारतीच्या मोडक्या खुर्च्या ठेवल्या जाणार.

माझी नात भिंगरी तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. भिंगरी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका जागी बसत नाही म्हणून तिच्या आजीने ठेवलेलं आहे. तिने सूचना वाचली, दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली आणि म्हणाली, "आजोबा, मी प्रोग्राम लिहिते. तोच पाळ्या वाटेल. मग कोण कोणाशी भांडणार?"

ती वाचनालयातल्या संगणकाच्या वर्गाला जायची. तिथल्या ताई मुलांना पायथन शिकवत. पायथन ही संगणकाशी बोलायची एक भाषा आहे, हे मी भिंगरीच्या आजीला तीनतीनदा सांगितलं तरी ती अजून "सापाचा क्लास" असंच म्हणते. भिंगरीने खरोखरच प्रोग्राम लिहिला. नाव सांगा, वेळ सांगा, खेळाडू किती ते सांगा, की तो पाळी लिहून ठेवायचा. आम्ही दोघं तो घेऊन सेक्रेटरींकडे गेलो.

"कल्पना चांगली आहे, सर," सेक्रेटरी म्हणाले. "रविवारी समितीसमोर दाखवा. पण एक आधीच सांगतो. चुकीची एकही पाळी लागता कामा नये. खोली बंद झाल्यावरची वेळ, खोटी नावं, एकाच वेळी दोन टोळ्या, काही नाही. तसं झालं, तर सोमवारी खुर्च्या आत."

जिन्यात मुलांचा घोळका वाटच पाहत होता. "होणार ना गं?" एकाने विचारलं. "होणार म्हणजे होणारच," भिंगरी म्हणाली. मुलांनो, शब्द देणं किती सोपं असतं पाहा. जिन्यात उभ्याउभ्या देता येतो.

आता प्रोग्राम चुकीची पाळी नाकारतो की नाही, हे कसं तपासायचं? ताईंनी वर्गात सांगितलं होतं, की प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याची एक छोटी परीक्षा लिहायची. तिला ते टेस्ट म्हणतात. परीक्षा हा शब्द कानावर पडताच माझ्यातला मास्तर बाह्या सरसावून उभा राहिला. भिंगरीला प्रोग्राम कळत असेल, पण प्रश्नपत्रिका कोणी कोणाला शिकवायची?

"भिंगरे, आधी प्रश्नपत्रिका काढायची, मग धडा शिकवायचा," मी म्हणालो. "म्हणजे काय शिकवायचं ते आपल्यालाच नीट कळतं."

"ताईपण असंच म्हणाल्या," भिंगरी म्हणाली. ताईंबद्दल माझं मत फार चांगलं झालं.

पण या परीक्षेत एक गंमत होती. कोणी वेडंवाकडं काही मागितलं, तर प्रोग्रामने तिथल्या तिथे थांबायचं आणि का थांबलो ते सांगायचं. त्या थांबण्याला एरर म्हणतात. एरर म्हणजे चूक. तेव्हा रात्री अकराची पाळी मागितल्यावर चूक आली, तर प्रोग्राम पास. चूक आली नाही, तर नापास.

"चूक झाली की शाबास?" भिंगरीची आजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली. "अहो, जन्मभर मुलांच्या वह्या लाल करून ठेवल्यात, आणि आता हे?"

"ही अपेक्षित चूक आहे," मी म्हणालो.

"तुमच्या सगळ्याच चुका मला अपेक्षित असतात," असं म्हणून ती आत गेली.

भिंगरीने नमुन्यादाखल एक टेस्ट चालवली आणि पडदा तांबड्या अक्षरांनी भरून गेला. ते पाहायला शेजारचे डॉक्टर आलेच. हे दातांचे डॉक्टर. दवाखाना मुलाच्या हाती दिल्यापासून त्यांना वेळ मिळतो, आणि तो ते सल्ला देण्यात घालवतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्यात डोकावून पाहिलं, जणू तोच 'आ' करून बसला आहे.

"सर, चूक म्हणजे किडलेला दात," ते म्हणाले. "भरत बसू नका. मुळासकट काढा."

"आम्हाला चूक हवी आहे, डॉक्टर."

डॉक्टरांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

भिंगरीने पुस्तक उघडलं. अशा परीक्षेसाठी पायथनमध्ये एक खास ओळ असते. तिचा अर्थ साधारण असा, की आता पुढे चूक येणार आहे, आली तर घाबरू नका, आली नाही तर मात्र मला सांगा. भिंगरीने ती ओळ लिहिली आणि थांबली. "आजोबा, इथे कुठली चूक यायला हवी तेपण लिहायचं असतं. बरेच प्रकार असतात."

"चूक ती चूक," मी म्हणालो. "मी वह्या तपासताना प्रकार पाहत नसे. सगळ्यांना सारखाच लाल गोल. 'कुठलीही चूक चालेल' असं लिही."

"पण पुस्तकात..."

"पुस्तक लिहिणाऱ्याला वर्गात पन्नास मुलं नसतात, भिंगरे."

तिने लिहिलं. मग पहिला प्रश्न: रात्री अकराची पाळी. तिने नाव, वेळ, खेळाडू असं सगळं टाकायला घेतलं, तसा मी पुन्हा मध्ये पडलो. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी, हे माझं तत्त्व. त्या तत्त्वावर मी एकदा शिक्षकांच्या सभेत भाषणसुद्धा केलं होतं आणि ते संपल्यावर लोकांनी बराच वेळ टाळ्या वाजवल्या होत्या. "वेळेचा प्रश्न आहे ना? मग फक्त वेळ दे. नावाचा आणि खेळाडूंचा इथे संबंधच काय? उगाच मूल गोंधळतं."

"कुठलं मूल?"

"प्रोग्राम गं."

अशा रीतीने प्रश्नपत्रिका तयार झाली. वेळेच्या प्रश्नात फक्त वेळ, खेळाडूंच्या प्रश्नात फक्त खेळाडू, नावाच्या प्रश्नात फक्त कोरं नाव. नीटस, आटोपशीर, पाहत राहावी अशी. आता ती चालवायची, सगळं नापास झालेलं पाहायचं आणि मग एकेक धडा शिकवायला बसायचं, असा बेत होता.

भिंगरीने बटण दाबलं. सगळं हिरवं. एकूण एक पास.

"अरे वा!" डॉक्टर म्हणाले.

"पण आजोबा, आपण अजून काही शिकवलंच नाहीये," भिंगरी म्हणाली. "अकरा वाजता नाही म्हणायचं, हे आपण त्याला कुठे सांगितलंय?"

मुलांनो, हा प्रश्न सोन्याचा होता. धडा शिकवण्याआधीच सगळा वर्ग पैकीच्या पैकी गुण मिळवतो, तेव्हा मास्तराने आनंदाने टाळ्या वाजवायच्या नसतात, पेपर पुन्हा वाचायचा असतो. हे मला ठाऊक होतं. पण समोर सगळं हिरवंगार दिसत असताना माणसाला ठाऊक असलेल्या गोष्टी आठवत नाहीत.

"काही मुलं जात्याच समंजस असतात," मी म्हणालो. "यंत्रही असेल."

"माझ्याकडे असे रुग्ण यायचे," डॉक्टर म्हणाले. "न सांगता 'आ' करायचे."

भिंगरीने नखं कुरतडली. आजीने आतूनच सांगितलं, "बोटं तोंडातून काढ."

रविवारी समिती जमली. सेक्रेटरी, खजिनदार काकू, आणि ज्यांना घरी करमत नाही असे इतर. मी छोटंसं भाषण केलं. "आमच्या प्रोग्राममध्ये पुष्कळ चुका येतात," मी म्हणालो, "आणि त्या सगळ्या अगदी वेळेवर येतात." हे वाक्य घरी आरशासमोर फार छान वाटलं होतं. सेक्रेटरींनी खजिनदार काकूंकडे पाहिलं.

"मी स्वतः तपासतो," ते म्हणाले आणि संगणकासमोर बसले. त्यांनी स्वतःचं नाव टाकलं, वेळ रात्री अकरा, खेळाडू दोन. मी हात पाठीमागे बांधून प्रोग्रामच्या नकाराची वाट पाहत उभा राहिलो.

'पाळी मिळाली. छान खेळा!'

छान खेळा हे भिंगरीने कौतुकाने घातलं होतं. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी खेळाडूंच्या जागी उणे चार टाकलं. 'पाळी मिळाली. छान खेळा!' मग नाव कोरंच ठेवलं. 'पाळी मिळाली. छान खेळा!' मग एकाच वेळी तीन पाळ्या. यंत्राला जणू उदारपणाचा झटका आला होता. मागून कोणीतरी खुदकन हसलं. मला वाटतं, ते डॉक्टर होते. ते नाही म्हणतात.

"सर," सेक्रेटरी उठत म्हणाले, "नसलेली चार माणसं कोऱ्या नावाने रात्री अकरा वाजता आमच्या खोलीत खेळणार आहेत. उद्या खुर्च्या आत."

मी जिना कसा चढलो ते सांगत नाही. वाटेत दोन मजल्यांवर लोकांनी दार उघडून माझी चौकशी केली, याचा अर्थ बातमी माझ्याआधी वर पोचली होती. मला माझ्या अब्रूचं पडलं होतं, हे खरं. पण भिंगरीला त्याहून मोठं दुःख होतं. जिन्यातल्या मुलांनी तिला बघून तोंड फिरवलं होतं. कोणी भांडलंही नाही. एवढ्या भांडखोर मुलांनी गप्प बसावं, हे किती वाईट, ते तुम्हालाच जास्त कळेल.

"खोली माझ्यामुळे गेली," ती म्हणाली.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

"तुम्हाला टेबल टेनिस खेळता येत नाही, आजोबा. तुमच्यामुळे कशी जाईल?" तिने संगणक उघडला. "शोधायचंय. सापडेपर्यंत उठायचं नाही." आणि एका जागी कधी न बसणारी ती पोर मांडी ठोकून बसली.

तासभर काही सापडलं नाही. टेस्ट चालवली की हिरवं, प्रोग्राम चालवला की 'छान खेळा'. डॉक्टर समाचाराला आले. माणूस पडला म्हणजे त्याला भेटायला जावं, अशी त्यांची रीत आहे. चहा घेता घेता, मला बरं वाटावं म्हणून, ते स्वतःच्या दवाखान्याच्या गोष्टी सांगू लागले.

"आम्हीसुद्धा मुद्दाम ओरडायला लावतो बरं का, सर. दात जिवंत आहे की मेलेला, ते कसं कळणार? गार कापूस टेकवायचा. रुग्ण 'आई गं' म्हणाला की दात जिवंत. तो ओरडला नाही, तर मग काळजी."

भिंगरीने मान वर केली. "आणि कापूस टेकवायच्या आधीच ओरडला तर?"

"असतात ना तसलेही! खुर्चीत बसले की लगेच ओरडतात."

"मग दाताचं काय कळतं?"

"कप्पाळ कळतं!" डॉक्टर म्हणाले. "तो खुर्चीला घाबरून ओरडलेला असतो. आधी त्याला विचारायचं, बाबा रे, नक्की कशाने दुखलं?"

भिंगरीचे हात कळफलकावर गेले. 'कुठलीही चूक चालेल' ही माझी ओळ तिने खोडली आणि तिथे एकच प्रकार लिहिला: व्हॅल्यू एरर. दिलेली गोष्ट भलतीच असली, म्हणजे अकरा वाजता, उणे चार वगैरे, की जी चूक यावी ती ही. टेस्ट चालवली. हिरवं गेलं, सगळं लाल झालं. आणि लाल अक्षरांत, सेक्रेटरींच्या सूचनेइतकं स्पष्ट, कारण लिहिलेलं होतं. चूक आली होती, पण दुसरीच, टाइप एरर: नाव दिलेलं नाही, खेळाडू दिलेले नाहीत.

"आजोबा!" भिंगरी उभीच राहिली. "तो अकराला नाही म्हणतच नव्हता! आपण त्याला फक्त वेळ दिली ना, म्हणून तो 'नाव कुठाय, नाव कुठाय' करून ओरडत होता. आपल्याला वाटलं, वेळेला नाही म्हणतोय!"

एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी! ज्या तत्त्वाला एवढ्या टाळ्या पडल्या होत्या, त्याचं हे असं झालं. मी खुर्चीत जरा मागे टेकलो. मग विचार केला तेव्हा कळलं, की तत्त्व बरोबरच होतं, मला ते अर्धंच ठाऊक होतं. एकच गोष्ट विचारायची असेल, तर बाकीच्या सगळ्या गोष्टी नीट द्याव्या लागतात. नाव खरं, खेळाडू दोन, आणि फक्त वेळ वेडी. मग नकार आला तर तो वेळेलाच आला, हे कळतं. त्या जुन्या सभेतले लोक आता कुठे असतील? त्यांना हे कळवायला हवं.

"म्हणजे मी सांगितलं म्हणून सापडलं," डॉक्टर म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. दुर्दैवाने ते तसं अजूनही म्हणतात.

मग आम्ही कंबर कसली. भिंगरीने सगळे प्रश्न नव्याने लिहिले. प्रत्येकात एकच वाकडी गोष्ट, आणि प्रत्येकाखाली 'अमुकच चूक, अमुकच कारणासाठी'. चालवले, तर सगळे नापास. चूक यायला हवी होती, आली नाही, असं यंत्र ओळीने सांगत होतं. मुलांनो, तुम्हाला सांगतो, मी इतक्या आनंदाने कधी वर्ग नापास केलेला नाही. हे खरंखुरं नापास होतं. त्याच्यावर धडा शिकवता येत होता. भिंगरीने वेळेचा नियम लिहिला, एक लाल हिरवं झालं. खेळाडूंचा लिहिला, दुसरं झालं. नावाचा, तिसरं. घेतलेली वेळ पुन्हा द्यायची नाही, चौथं.

"आता झालं," मी म्हणालो.

"नाही. बरोबर मागितलं तर पाळी मिळते का, तेपण विचारायला हवं. नाहीतर सगळ्यांनाच नाही म्हणणारा प्रोग्रामसुद्धा पास होईल."

असले कारकून मी पाहिलेले आहेत. कोणाचंच काम करत नसल्यामुळे त्यांच्या हातून कधी चूक होत नाही आणि वेळच्या वेळी त्यांची बढती होते. मी गुपचूप मान हलवली. त्या दिवशी आमच्या घरातला मास्तर कोण, हे आजीने ठरवून टाकलं.

प्रोग्राम सुधारला. समितीला सुधारणं राहिलं. मी सेक्रेटरींकडे गेलो.

"निर्णय झाला आहे, सर."

"निर्णय बदलता येतो."

"येतो ना. समितीची सभा बोलवावी लागेल."

"मग बोलवा."

"बोलवली असती. पण सभा खेळाच्या खोलीत होते, आणि खोलीत खुर्च्या भरल्या आहेत."

"त्या खुर्च्यांवर बसा."

"मोडक्या आहेत त्या."

"मग बाहेर काढा."

"काढायला सभेचा ठराव लागतो."

मी परत आलो, चहा घेतला आणि पुन्हा गेलो. वर्गातलं सगळ्यात अडेल मूलही तिसऱ्यांदा शांतपणे विचारलं की उत्तर देतं, हा माझा अनुभव आहे. तिसऱ्यांदा मी एवढंच विचारलं, "सभेसाठी खुर्च्या तात्पुरत्या व्हरांड्यात ठेवल्या, तर त्याला ठराव लागतो का?" सेक्रेटरींनी नियमांची फाइल चाळली, आणि तात्पुरत्यासाठी नियम सापडला नाही. भिंगरीने जिन्यातल्या मुलांना हाक मारली. आधी कोणी हललं नाही. मग तिने एकटीनेच तीन पायांची एक खुर्ची उचलली आणि तिच्यासकट उंबऱ्यात आडवी झाली. तशी सगळी धावली. खोली तासाभरात मोकळी. सदस्यांसाठी घरोघरच्या धड खुर्च्या आणल्या आणि त्या टेबल टेनिसच्या टेबलाभोवतीच मांडल्या, कारण तेवढं मोठं टेबल दुसरं नव्हतंच.

सभा पाचला होती, म्हणजे साडेपाचला सुरू झाली. या वेळी मी भाषण केलं नाही. सेक्रेटरींनी रात्री अकरा टाकलं. 'ही वेळ खोली बंद झाल्यानंतरची आहे.' उणे चार टाकलं. 'खेळाडू दोन किंवा चार हवेत.' नाव कोरं ठेवलं. 'नाव लिहा.' त्यांनी आणखी काही काही करून पाहिलं. यंत्र एकदाही चिडलं नाही आणि एकदाही फसलं नाही. व्हरांड्यात मुलांची गर्दी श्वास रोखून उभी होती.

"बरं," सेक्रेटरी म्हणाले, "आता खरीच पाळी मागतो." नाव त्यांचं, वेळ सहा, खेळाडू दोन.

'ही वेळ आधीच दिलेली आहे.'

सेक्रेटरी थोडे मागे सरले. "मी सेक्रेटरी आहे."

"हो, काका," भिंगरी म्हणाली.

"मग?"

"त्याला ते माहीत नाही."

"मग त्याला सांग की! समितीच्या लोकांसाठी एवढी सवलत ठेवायला काय हरकत आहे?"

मी भिंगरीच्या कानाशी वाकून पुटपुटलो, "एवढं एक कर ना. खोली तर वाचेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्याच वर्गात बाकावर उभं राहिल्यासारखं वाटलं. मग ती सेक्रेटरींच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि एक नवी टेस्ट लिहू लागली. लिहिताना मोठ्याने वाचत होती, म्हणून सगळ्यांना कळलं. सेक्रेटरींनी दुसऱ्या कोणी घेतलेली वेळ मागितली, तर चूक यायलाच हवी. तिने बटण दाबलं. हिरवं.

"मागच्या वेळीही सगळं हिरवंच होतं ना गं?" खजिनदार काकू म्हणाल्या. बाई हिशेबाच्या पक्क्या.

"हो, काकू. म्हणून आता बघा." भिंगरीने घेतलेल्या वेळेचा नियम काढून टाकला आणि तीच टेस्ट पुन्हा चालवली. पडदा लाल झाला. काकूंनी वाकून वाचलं: 'चूक यायला हवी होती, आली नाही.' भिंगरीने नियम परत जागेवर ठेवला. हिरवं.

काकूंनी मान डोलावली. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"सातची वेळ मोकळी आहे, काका," भिंगरी म्हणाली. "लिहू?"

"एकटा कसा खेळणार मी?"

"मी आहे," डॉक्टर म्हणाले. "माझा हात अजून हलका आहे."

"तुमच्या हलक्या हाताचा अनुभव आहे मला," सेक्रेटरी जबडा चोळत म्हणाले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. व्हरांड्यातल्या गर्दीकडे पाहिलं. मग घसा साफ केला. "लिही."

भिंगरीने लिहिलं. 'पाळी मिळाली. छान खेळा!'

"मग खोलीबद्दल काय लिहायचं?" काकूंनी पेन उघडलं.

"काय म्हणजे? माझी पाळी लागली आहे. खोली बंद कशी करणार?" सेक्रेटरी म्हणाले. "चालू राहील, असं लिहा. आता पुढचा विषय, लिफ्टचा आवाज. या विषयावर मला सविस्तर बोलायचं आहे." आणि त्यांनी फाइल टेबलाच्या बरोबर मध्यावर उघडली.

सहा वाजले. ती पाळी व्हरांड्यातल्या मुलांची होती. भिंगरी उठली. तिने कपाटातून जाळी काढली, तिचं एक टोक टेबलाच्या या कडेला अडकवलं, लिफ्टच्या आवाजाच्या फाइलवरून दुसरं टोक पलीकडे नेलं, आणि सेक्रेटरी फाइल उचलेपर्यंत ते हातात ताणून धरून उभी राहिली.